साडी गार्ड, डावी बाजू

पितृपक्षातला रविवार, सकाळ. ठिकाण: देवळाली कॅम्प, लष्करी क्वार्टर्सबाहेरची कडुलिंबाची सावली. हजर: माझा नवरा, माझा दीर, मी, मोटारसायकल विकणारे हवालदार आणि त्यांची बायको. गैरहजर: सासूबाई. पण त्यांचं मत आम्ही घरून निघतानाच सोबत घेतलं होतं. पितृपक्षात गाडी बघायला हरकत नाही, टोकन द्यायचं नाही.

कोण हजर होतं हे आधी लिहायची मला सवय आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कोणता माल आला, कोणी आणला, कोणासमोर उतरवला, हे नोंदल्याशिवाय पुढचं काही लिहायचं नाही, असं तिथे शिकले आणि घरीही तीच सवय लागली. घरच्यांना ती आवडत नाही. भांडणात मी 'त्या दिवशी तुम्ही इथे बसला होता आणि असं म्हणाला होता' एवढं सांगते आणि समोरचा चिडतो. माझ्या मते तो खरं ऐकून चिडतो.

गाडी कोणती घ्यायची, हा प्रश्न वरवर नवऱ्याचा होता. जुन्या पिढीची स्पोर्ट्स बाईक की नवी? पण रोज तिच्यावर दोघं बसणार होतो, म्हणून तो माझाही होता. का, ते सांगते.

आम्ही उपनगरला राहतो. नवऱ्याचा कारखाना अंबडला. पूर्वी माझी स्कूटर होती. काही वर्षांपूर्वी द्वारकेच्या चौकात एका रिक्षाने कट मारला, मी उजव्या हातावर पडले आणि मनगटात प्लेट टाकावी लागली. या हाताने कणीक मळता येते, लिहिता येतं. पण गच्च आवळून ब्रेक दाबता येत नाही. स्कूटर विकली आणि मी नवऱ्याच्या मागच्या सीटवर आले. मला सातपूरला सोडून तो पुढे अंबडला जायचा. त्याला वळसा पडायचा, पण त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला ती सीट आवडायची. माझा नवरा घरात बोलत नाही. घरी आला की टीव्ही, जेवण, मोबाईल, झोप. काही विचारलं तर 'बघू'. पण गाडीवर बसला की बोलायचा. समोर तोंड दिसत नाही म्हणून असेल कदाचित. हेल्मेटची काच वर करायचा, मान जराशी डावीकडे वळवायचा आणि सुरू व्हायचा. घरात सगळ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते, गाडीवर अरे. मुलीला पुण्याला शिकायला ठेवायचं, हे मुंबई नाक्याच्या सिग्नलला ठरलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्र्यंबक नाक्यावर ठरलं. त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या मुलाला त्याच्या डोक्यावर साहेब म्हणून बसवलं, हे त्याने मला सांगितलं तेव्हा सिंहस्थाच्या कामासाठी खोदलेल्या एका रस्त्यावर आम्ही पाण्याच्या टँकरमागे अडकलो होतो. टँकर हलेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. घरी ही गोष्ट त्याने आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही.

म्हणजे आमचा संसार चालायचा तो उपनगर ते सातपूर. बाकी वेळ आम्ही एका घरात राहायचो.

तर आमची त्या वेळची गाडी इंजिनातलं तेल खायला लागली होती आणि मागून निळा धूर सोडायची. दुसरी घेणं भागच होतं. मी साधी, ताठ बसून चालवायची गाडी सुचवली. नवरा म्हणाला, "ती दूधवाल्याची गाडी." त्याला तरुणपणापासून स्पोर्ट्स बाईकच लागते. ठीक आहे. मग मी तीन अटी सांगितल्या, त्याही गाडीवरच. सीट एकसंध हवी. मागे धरायला दांडी हवी. आणि रोज सातपूरपर्यंत जाऊन दोघांपैकी कोणाचीही पाठ धरता कामा नये.

"मान्य," तो म्हणाला. माझ्या पायावर, मागे हात करून, त्याने एक थापही मारली. म्हणून मी निर्धास्त होते.

हवालदार सटाण्याकडचे. बदली झाली होती, लांब पूर्वेला, आणि गाडी सोबत न्यायची नव्हती. गाडी जुन्या पिढीची, पण कव्हर काढलं तेव्हा तिच्यावर बोटभर धूळ नव्हती. हँडल उंच. पाय ठेवायचे दांडे जिथे असायला हवेत तिथे. सीट लांब, एकसंध. मागे धरायला जाड दांडी. डाव्या बाजूला साडी गार्ड, म्हणजे पदर किंवा ओढणी चाकात, साखळीत जाऊ नये म्हणून लावतात ती लोखंडी जाळी. तीही सरळ, कुठे वाकलेली नाही.

दीर मोबाईलची बॅटरी लावून गाडीखाली वाकले. ते गाड्यांचे व्हिडिओ बघतात. इतके बघतात की आमच्या घरी गाडीचा विषय निघाला की त्यांना डॉक्टरला बोलावल्यासारखं बोलावतात, चहा देतात आणि ऐकून घेतात.

"वहिनी, हिच्यात एबीएस नाही," ते खालूनच म्हणाले.

"आत्ताच्या गाडीत तरी कुठे आहे?"

"कार्बुरेटर आहे. डिसेंबरात सकाळी चोक ओढत बसावं लागेल."

"ओढू. मी ओढीन, भाऊजी. तेवढा जोर आहे हातात."

हवालदारांची बायको हसली. ती दारात उभी राहून मघापासून माझ्याकडे बघत होती. पुढे आली आणि सीटवर हात आपटून म्हणाली, "बठा ना ताई. मागली सीट चांगली शे. मी पोराला मांडीवर घेऊन सटाण्यापर्यंत गेलेय हिच्यावर."

मी बसले. नवऱ्याने कॅम्पाच्या स्टेशनपर्यंत एक चक्कर मारली. जाताना बाजारातून, येताना मोकळ्या रस्त्याने. मी डाव्या हाताने दांडी धरली होती, उजवा हात मांडीवर मोकळा. खड्डे आले, गतिरोधक आले, एकदा कुत्रं आडवं आलं. माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर एकदाही आपटलं नाही. नवरा ताठ बसला होता. त्याची पाठही गेली काही वर्षं दुखते, हे मला माहीत आहे, कारण बाम मीच चोळते.

"हीच घेऊ," मी मागून म्हणाले.

"पळते बरी." आणि लगेच, "पण मीटर बघ ना. काट्याचं आहे अजून."

"तुला चालवायचीय की वाचायचीय?"

तो हसला. मला वाटलं, झालं.

परत आल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, घटस्थापनेच्या आधी मला निघायचंय. आज हातावर काहीतरी ठेवा. मग मी दुसऱ्या कोणाला गाडी दाखवत नाही. शब्द देतो."

मी पर्स उघडली. नवरा म्हणाला, "थांब, आईला एकदा विचारतो." फोन स्पीकरवर होता. लावायची गरज नव्हती, पण लावला.

"पितरांच्या पंधरवड्यात?" सासूबाई कडाडल्या. "आणि तीही दुसऱ्याने वापरलेली? दसऱ्याला दारात काय उभी करणार, शिळी गाडी? हार कशाला घालायचा मग तिला?"

दीर मान डोलवत होते. नवऱ्याने फोन बंद केला आणि हवालदारांपुढे हात जोडले. "माफ करा. आईचं मन मोडवत नाही."

आईचं मन हा माणूस कसं मोडतो ते मला ठाऊक आहे. चतुर्थीला ऑम्लेट खातो. मागच्याच पितृपक्षात नवा मोबाईल घेऊन आला होता, तेव्हा पितरांनी काही हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. आणि मी त्याचा चेहरा बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं काही नव्हतं. परीक्षा पुढे ढकलली की मुलं जशी बाहेर पडतात, तसा तो त्या क्वार्टर्सच्या फाटकातून बाहेर पडला.

घरी येताना तो गाडीवर एक शब्द बोलला नाही. गाडीवर तो गप्प बसण्याची ती पहिली वेळ.

सर्वपित्री झाल्यावर मी त्या हवालदारांच्या बायकोला फोन केला. दीर म्हणाले असते की वहिनींना चिकाटी फार. फोन तिनेच उचलला. "गेली ना ताई गाडी. मनमाडचा एक माणूस आला, रेल्वेतला. मी म्हटलं, अहो दादा, पितर चालू आहेत. तो म्हणे, पितर माझे आहेत, माझं मी बघून घेईन." आम्ही दोघी हसलो. मग तिने विचारलं, "तुम्ही दुसरी बघितली का?" मी म्हणाले, "बघतोय." ते 'बघतोय' मी नवऱ्यासारखंच म्हणाले.

नवरात्रात एका संध्याकाळी नवरा मला सातपूरला घ्यायला आला तो थेट शोरूमला घेऊन गेला. दीर तिथे आधीच हजर. म्हणजे ठरवून. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण विक्रेता समोर उभा होता आणि परक्यासमोर नवऱ्याला बोलायचं नाही, हे आम्ही बायका शिकवल्याशिवाय शिकतो.

नव्या गाडीत चांगलं काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. ब्रेक चांगले, ओल्या रस्त्यावर चाक घसरत नाही. बटण दाबलं की थंडीतही चालू होते. दिवा असा की समोरचा रस्ता धुतल्यासारखा दिसतो. पण हँडल खाली, इतकं खाली की चालवणाऱ्याला टाकीवर ओणवं व्हावं लागतं आणि छातीचा सगळा भार दोन मनगटांवर येतो. पाय मागे आणि वर दुमडलेले. आणि सीट दोन तुकड्यांची. पुढचा तुकडा खोलगट, ऐसपैस. मागचा त्याच्या डोक्यावर चढवलेला, उतरता, पोळपाटापेक्षा जरा मोठा. मागे दांडी नाही. सीटच्या खाली दोन्हीकडे बोटं घालायला खाचा.

"धरायचं कशाला?" मी विचारलं.

"मॅडम, सरांना धरायचं," विक्रेता म्हणाला. दीर मोठ्याने हसले. नवराही हसला.

"रोज दोन वेळा सातपूर असतं. रोजचं विचारतेय मी."

"मॅडम, ही रायडरची बाईक आहे. मागे कधीतरी, हौस म्हणून बसतात. पण सवय होते. सगळ्यांना होते."

"मला मागे बसवून एक चक्कर मारू द्या."

"सॉरी मॅडम. टेस्ट राइड सिंगलच. इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो."

मग नवरा एक चक्कर मारून आला, दीर एक चक्कर मारून आले. मी दारात उभी होते. एका हातात जास्तीची हेल्मेटं, खांद्याला नवऱ्याची बॅग, माझी पर्स, दोघांचे डबे. येणारीजाणारी माणसं मला विचारत होती, "मॅडम, सर्व्हिसिंगचं काउंटर कुठे आहे?"

नवऱ्याने हेल्मेट काढलं तेव्हा त्याचे केस चिकटले होते आणि चेहरा लाल झाला होता. तो चेहरा मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. कारखान्यात त्या मुलाला साहेब केल्यापासून तर नाहीच. त्या चेहऱ्याचा मला राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझ्या सीटचं विचारलंय मी. सवय होते म्हणतात."

"कोणाला झाली, ते विचारलंत का?"

शोरूममध्ये आम्ही अहो-तुम्हीवर होतो. दीर म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर तुमच्याच सोयीने चालवली ना त्याने? आता एक तरी त्याच्या मनासारखी होऊ द्या."

माझ्या सोयीने. मी ते वाक्य जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. आधीची गाडी घेतली तेव्हा माझी स्वतःची स्कूटर होती. घराचा रंग, टीव्हीची जागा, सुट्टीचं गाव, माझ्या सोयीने काय झालं ते दिरांनी मला कधी सांगावं. मी वाट बघतेय.

बुकिंग झालं.

दसऱ्याला शोरूमबाहेर मांडव होता. एका वेळी दहाबारा गाड्या रांगेत आणि प्रत्येक गाडीपुढे एक बाई ताट घेऊन. मी मोरपंखी साडी नेसले होते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी स्वतःची स्वतः घेतलेली. टाकीवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, झेंडूचा हार हँडलला बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, ओवाळलं. मनात म्हणाले, बाई, सांभाळ याला. ते अगदी मनापासून म्हणाले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आता शोभते दारात," त्या म्हणाल्या. गाडी अजून दारात आलीही नव्हती.

मग दीर शोरूमच्या मेकॅनिकला म्हणाले, "ते साडी गार्ड काढून टाक रे बाबा. मागून सगळा लूक घालवतं."

"आज नको. मी साडीत आहे," मी म्हणाले.

"वहिनी, नवश्या गणपतीपर्यंत तर जायचंय. हे इथे शेजारी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, डोळे बारीक केले, डोकं एका बाजूला कलतं केलं. जसं भिंतीवरचं चित्र सरळ आहे का बघतात. मग मेकॅनिककडे बघून म्हणाला, "काढ."

मेकॅनिकने चार बोल्ट काढले. जाळी आणि बोल्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने ती पिशवी माझ्या हातात दिली. गाडीत ती ठेवायला जागाच नव्हती.

आमच्याकडे नव्या गाडीची पहिली फेरी नवराबायकोने देवाला जाऊन करायची असते. त्याप्रमाणे मी बसले. साडीत, एका बाजूने, त्या पोळपाटावर. मांडीवर पिशवी, पिशवीत साडी गार्ड. उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर, डावा हात पिशवीवर. साडी सांभाळायला तिसरा हात मला नव्हता. फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय, कारण गाडी उभी होती.

गंगापूर रोडला एका गतिरोधकावर त्याने ब्रेक दाबला. मी पुढे घसरले, पाय ठेवायच्या दांड्यावरून टाच सुटली आणि साडीचा काठ साखळीत गेला. मला खाली ओढल्यासारखं झालं. मी ओरडले. गाडीचा वेग कमी होता, नव्या ब्रेकने ती जागच्या जागी थांबली. हे मी आधीही म्हणाले, ब्रेक चांगले आहेत. रस्त्याकडेला एक माणूस झेंडू विकत होता, तो धावत आला. त्याने आणि नवऱ्याने मिळून चाक मागे फिरवून काठ काढला. वितभर फाटला होता आणि त्याला काळं वंगण लागलं होतं.

मला लागलं नव्हतं. उभी राहिले, चालून बघितलं. नवऱ्याचा चेहरा पांढरा झाला होता. तो घाबरला होता हे मला कळत होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "साडी नीट सांभाळता येत नाही का?"

झेंडूवाला म्हणाला, "साहेब, याला जाळी असते ना बाजूला. लावली नाही का?"

मी पिशवी वर करून त्याला दाखवली.

देवळात मी गेले. प्रदक्षिणा घातली. काय मागितलं ते आठवत नाही. परत येताना रिक्षा केली.

कामाला मी पंजाबी ड्रेस घालते, दोन्हीकडे पाय टाकून बसते. तेव्हा रोजच्याला साडीचा प्रश्न नव्हता. मी प्रयत्न केला, हे नोंदवते. दिवाळी होईपर्यंत रोज बसले. ब्रेक दाबला की मी घसरून नवऱ्याच्या पाठीवर जायची आणि माझा सगळा भार त्याच्या पाठीतून त्याच्या मनगटांवर.

"मागे सरक ना जरा."

"मागे कुठे? मागे रस्ता आहे."

हे पहिल्या दिवशी विनोदाने झालं. नंतर तेच शब्द राहिले आणि विनोद गेला. पुढे जाऊ नये म्हणून मी त्याच्या दोन्ही बाजूंनी हात घालून टाकी ढकलून धरायची. संध्याकाळी मनगट सुजायचं. आणि तो आता ओणवा असायचा, मी त्याच्या डोक्याच्या वर. मान डावीकडे वळवली तरी त्याचा आवाज वाऱ्यात खाली जायचा. "काय?" "काही नाही." "काय म्हणालात?" "काही नाही म्हटलं ना!" मी त्याला गाडीवरही अहो म्हणायला लागले, हे माझ्या पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं. हळूहळू त्याने काच वर करणंच सोडलं.

डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं आणि हाताला झटके बंद करा म्हणाले. मी सिटी बसचा पास काढला. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, त्याचाही वळसा वाचला." नवरा म्हणाला, "बघ, तुला सोयीचं पडत असेल तर." दोघांनाही हे किती पटकन सुचलं!

बस वाईट नाही. बसायला जागा मिळते. खिडकी मिळाली तर ऊनही मिळतं. मुलीचा फोन आला, आई, फायनलनंतर मी पुण्यालाच नोकरी बघतेय, तुम्ही दोघं बोलून ठरवा आणि सांगा. दोघं बोलून कुठे ठरवायचं? घरी मी विषय काढला तर तो म्हणाला, "बघू." टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मुलीने शेवटी तिचं तिनेच ठरवलं.

थंडी पडल्यावर एक दिवस मुंबई नाक्याला बस सिग्नलला थांबली आणि माझ्या खिडकीखाली नवरा होता. त्याने मला बघितलं नाही. गाडी दोन पायांच्या मध्ये धरून तो उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि मागे वाकला. तोंड वेडंवाकडं झालं. मग एकेक करून दोन्ही मनगटं झटकली. अगदी मी झटकते तशी. दिव्याचे आकडे उलटे चालले होते. त्याने हेल्मेटची काच वर केली, मान थोडी डावीकडे वळवली. मागे कोणी नव्हतं. त्याने काच खाली केली.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते अर्धंच होईल. आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं, त्र्यंबक नाक्याच्या पुढे.

संध्याकाळी मी बामची बाटली घेऊन गेले. "आज सिग्नलला पाठ धरून उभे होता."

"कोण?"

"तुम्ही."

"छे. बूट नीट करत होतो."

मी बाम चोळला. कमरेपाशी गाठ आली होती, बोटाला लागत होती. तो उशीत तोंड घालून म्हणाला, "उद्या येतेस का गाडीवर? हळू चालवतो."

मी म्हणाले, "साडी गार्ड बसवा. मग येते."

"तू कुठे साडी नेसतेस रोज?"

"बसवा तुम्ही."

तो उशीतूनच म्हणाला, "बसवतो. रविवारी."

जाळी बसवली म्हणून सीट मोठी होणार नाही, हे मला कळतं. मनगटाला आराम पडणार नाही, तेही. कदाचित दोन दिवसांत मी परत बसमध्ये असेन. तरी मी तेच मागितलं. ती जाळी त्याच्या शब्दाने निघाली होती, त्याच्याच हाताने परत लागायला हवी. त्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याला जे बोलायचं होतं आणि त्याऐवजी तो भलतंच बोलला, ते त्याला तोंडाने जमत नसेल तर हाताने बोलू दे.

तो रविवार गेला. नंतरच्या रविवारी दीर आले होते, त्यांच्यासमोर त्याने विषय काढला नाही. संक्रांत झाली. मी रविवारी सकाळी घरातल्या कामांची यादी फ्रिजवर लावते, कामापुढे ज्याचं त्याचं नाव. गॅसची नळी बदलणे, मी. झाली. मुलीची गादी पुण्याला पाठवणे, मी. झाली. सासूबाईंचं चष्म्याचं, दीर. तेसुद्धा झालं. साडी गार्डपुढे नवऱ्याचं नाव आहे. दर आठवड्याला मी ते नव्या कागदावर उतरवते.

काल गहू काढायला माळ्यावर हात घातला, तर पिशवी हाताला लागली. जाळीला गंज धरायला लागलाय. बोल्ट मोजले, चारही आहेत. दहा नंबरचा पाना हत्यारांच्या डब्यात वरच ठेवलाय, शोधावा लागू नये म्हणून. पाना मला धरता येतो. डाव्या हाताने मीही बसवू शकते, फार तर अर्धा तास जाईल. पण हे काम माझ्या नावावर नाही. पिशवीवर चिठ्ठी लावली, 'साडी गार्ड, डावी बाजू', आणि ती माळ्यावरून काढून गाडीच्या सीटवर ठेवली. मागच्या.

आज सकाळी तो कामावर गेला. पिशवी जिन्याच्या कठड्यावर ठेवलेली आहे.